लाल डोक्याची चिमणी आणि चुन्याची रेघ

आमगावहून एका बाईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या नवऱ्याच्या छातीत पाणी झालं, डॉक्टरांनी तीन महिने खाटेवर पडून राहायला सांगितलं, आणि घरात सगळ्यांनी तोंडं पाडली आहेत. तुम्ही यातून उठलात असं ऐकलं, तेव्हा काय केलंत ते कळवा, असं त्या लिहितात.

बाई, खरं सांगू? मी काहीच केलं नाही. काही करायचं नाही, हेच तर औषध होतं, आणि माझ्यासारखीला ते फार कडू लागलं. औषधांची नावं माझ्याकडे मागू नका, ती डॉक्टरांना विचारा. मी तुम्हाला पडून राहण्याचं सांगते, भीतीचं सांगते, आणि एका पाखराचं सांगते. भंडाऱ्याला चौथीपर्यंत शिकले आहे, तेव्हा अक्षर लागेल तुम्हाला.

छातीत पाणी

धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, नुकताच संपला होता. आमच्याकडे सडक अर्जुनीच्या बाजूला रोवण्याच्या दिवसांत घरची बाई काय नि मजुरीण काय, सगळ्या गुडघाभर चिखलात. मी दोन आठवडे खोकत होते. पाण्यात उभं राहून सर्दी झाली, असं सगळ्यांचं म्हणणं, आणि माझंही तेच. मग उजव्या कुशीत कळ यायला लागली. श्वास अर्ध्यावर अडायचा. दिवस कलला की अंगात कणकण. मी कोणाला बोलले नाही. माझी जीभ आधीपासून तिखट; दुसरी कोणी कुरकुरली की टोमणा मारायला मी पुढे. आता आपली कुरकुर कोणत्या तोंडानं सांगायची? पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळताना ताट हातातून पडलं आणि मी तिथंच खाली बसले, तेव्हा घराला कळलं.

सौंदडपर्यंत बैलबंडी आणि तिथून छोट्या रेल्वेनं गोंदिया. दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे बंगाली होते, हिंदीत बोलायचे. त्यांनी पाठीवर दोन बोटांनी वाजवून पाहिलं. डावीकडे ढोलकं वाजलं, उजवीकडे लाकूड. ते मलाही ऐकू आलं. छातीत पाणी आहे, असं त्यांनी मला सांगितलं आणि आमच्या यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घेऊन बाहेर गेले.

दार पुरतं लागलं नव्हतं. मला फटीतून यांची पाठ दिसत होती. यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. त्यावरूनच मी काय ते समजले. आत आले तर बैलांना पाणी पाजलं की नाही कोण जाणे, असं काहीतरी बोलायला लागले. मी म्हटलं, बैलांचं राहू द्या, माझं सांगा.

"मोठा आजार असू शकते म्हून राहिले," हे खाली पाहत म्हणाले.

आमच्याकडे त्या आजाराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो घरात येतो म्हणतात, जसा काही तो बाहेर उभा राहून बोलावण्याची वाट पाहतो. मला आधी कमळी आठवली. माझी मुलगी, चार वर्षांची. त्याच सकाळी तिला मी माझ्या ताटातला घास भरवून आले होते. तो घास मला पुढे कितीतरी दिवस छळत राहिला. तुम्हालाही असा एखादा घास छळत असेल तर सांगते, कमळीला काही झालं नाही.

पस्तीस दिवस

दवाखान्यात पस्तीस दिवस काढले. सकाळी झाडूवाली फिनेल टाकून जायची, मग थर्मामीटर, मग दूध. दुधात कच्चं अंडं फेटलेलं असायचं. आमच्या घरात अंडं येत नाही. पहिल्या दिवशी नाक दाबून प्यायले, चौथ्या दिवशी वाटी चाटून पुसली. हे माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, आजतागायत माहीत नाही. हे पत्र त्यांच्या हाती पडलं तरी चिंता नाही, त्यांना वाचता येत नाही.

सुई घालून दोनदा पाणी काढलं. दुखतं. दुखत नाही असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा पुरता श्वास घेतला आणि फिनेलचा वास मला चक्क गोड लागला.

संध्याकाळचा ताप मात्र जाईना. ताप चढला की समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मला लाल ठिपके दिसायचे, हलायचे, एकमेकांत मिसळायचे. ते लाल लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

शेजारच्या खाटेवर डोंगरगडकडची एक म्हातारी होती. तिचं बोलणं मला अर्धंच कळायचं. मी तोंड फिरवून रडायला लागले की ती म्हणायची, "झन रो, नोनी," म्हणजे रडू नको, पोरी. एवढंच, पण दर वेळी. तिच्या मुलानं कसल्या तरी टोपलीत फळं आणली होती, त्यात धानाचं तणस भरलेलं. म्हातारीनं ते फेकू दिलं नाही. पडल्यापडल्या त्या काड्यांची वेणी घालायची, वेणीला वेणी जोडायची, की हातभर झालर तयार. त्यांच्याकडे सुगीला धानाच्या लोंब्यांची अशी झालर विणून दाराशी टांगतात, पाखरांसाठी. आमच्याकडेही दाराशी लोंब्या टांगतात, पण आपली नुसती जुडी बांधून मोकळे. तिनं मला शिकवलं. माझ्या हातांना तेवढंच काम उरलं होतं. दोन बोटांत काडी धरली की मन जरा जागेवर यायचं.

सोडताना डॉक्टरांनी यांना समोर बसवून सांगितलं. घरी मोकळ्या हवेत खाट, भांडी वेगळी, मूल दूर. उठणं नाही, मोठ्यानं बोलणं नाही. रोज दोनदा थर्मामीटर लावून कागदावर लिहायचं. संक्रांतीपर्यंत संध्याकाळचा ताप थांबला तर ठीक. नाही थांबला तर डोंगरातल्या सॅनिटोरियममध्ये पाठवावं लागेल, वर्ष, दीड वर्ष. तिथं मुलांना नेता येत नाही.

वर्ष, दीड वर्ष. कमळीचं सगळं आयुष्य चार वर्षांचं. मी मनात हिशेब केला.

रेघ

दसऱ्याच्या तोंडावर घरी आले. परसात, आम्ही त्याला सांदवाडी म्हणतो, तिथल्या छपरीत माझी खाट टाकली होती. समोर वांग्याची चार झाडं, पलीकडे विहीर आणि तिच्यापलीकडे तलावाची पाळ. खाटेपासून सात-आठ पावलांवर आत्याबाईंनी चुन्याची रेघ ओढली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कमळीनं त्या रेघेच्या अलीकडे यायचं नाही. दर दोन-तीन दिवसांनी आत्याबाई शेणानं आंगण सारवायच्या, रेघ पुसली जायची, आणि वाळलं की त्या पुन्हा चुना घेऊन वाकायच्या. त्यांची कंबर दुखते. मी खाटेवरून पाहायची आणि मनात त्यांना नाही नाही ते बोलायची. आज मला त्याची लाज वाटते.

कमळीला माझ्या जाऊबाईंनी सांभाळलं. त्यांना मूल नाही. न्हाऊ घालणं, भरवणं, कुशीत घेऊन झोपणं, सगळं त्यांनी केलं, आणि मी त्यांचा राग राग केला. खोटं कशाला बोलू? पहिले दिवस कमळी रेघेपाशी येऊन रडायची. मग नुसती उभी राहायची. मग येईनाशी झाली. एकदा विहिरीपाशी आपटली, गुडघा फुटला, आणि माझ्यासमोरून रडत पळाली ती थेट जाऊबाईंकडे. माझ्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. सुई परवडली, असं वाटलं मला त्या दिवशी. जाऊबाई तिला कडेवर घेऊन माझ्या नजरेआड झाल्या. मला तेव्हा वाटलं, मुद्दाम केलं. मला बरं वाटावं म्हणूनच त्या आड गेल्या होत्या, हे कळायला मला पुढे वेळ लागला.

पहिलं धान कापून आलं तेव्हा मी यांच्याकडून लोंब्या मागून घेतल्या आणि पडल्यापडल्या म्हातारीसारखी झालर विणली. चार दिवस लागले. चांगली जमली होती. ती समोरच्या दारावर टांगावी, असं मला वाटत होतं. आत्याबाईंनी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि म्हणाल्या की समोरच्या दारात लक्ष्मी येते, तिथं दुखणाईताच्या हातची नको. मग ती माझ्या छपरीच्या वाशाला टांगली, रेघेच्या बरोब्बर वर. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या सकाळी चिवचिवाटानं जाग आली, तर वीस-पंचवीस चिमण्या झालरीला लोंबकळत होत्या. त्यांना लक्ष्मीचं काही देणंघेणं नव्हतं. सुपातले तीळ निवडावे तशी मी एकेक चिमणी मोजली, आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं.

बाई, तुमच्या घरीही खाटेसमोर काहीतरी हलतं ठेवा. आढ्याकडे किती पाहणार माणूस?

आत्याबाईंनी थर्मामीटर धुतला

अगहन महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षात, ताप उतरायला लागला. रोज संध्याकाळी हे थर्मामीटर उजेडाकडे धरून वाचायचे आणि कागदावर लिहायचे. आकडा हळूहळू खाली येत होता. बारा दिवस अगदी नीट गेले. मी ते बारा दिवस बोटांवर घोळवत राहायची.

तेराव्या दिवशी आत्याबाईंनी थर्मामीटर धुतला. त्यांचं म्हणणं, ही काचेची कांडी रोज तोंडात जाते, उष्टी होते आणि नुसत्या पुसण्यानं ती शुद्ध कशी व्हायची? त्यांनी चुलीवर पाणी उकळलं, थर्मामीटर वाटीत ठेवला आणि वरून आधण ओतलं. टक् असा आवाज आला. पाऱ्याचे गोळे वाटीत पळायला लागले आणि आत्याबाई भुताटकी पाहिल्यासारख्या मागे सरल्या. जाऊबाई हसल्या, मीही हसले, आणि मग मला रडू आलं. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

लढाईचे दिवस, विलायतेचा माल येत नव्हता. थर्मामीटर सौंदडला नाही, अर्जुनीला नाही. गोंदियाला एका औषधवाल्यानं सांगितलं, दोन-तीन आठवड्यांनी माल येईल, आला तर. तोपर्यंत तापाची परीक्षा आत्याबाईंच्या हातावर. दिवसातून दोनदा त्या माझ्या कपाळावर उलटा हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ताप नाई." पण चुलीपाशी राबून त्यांचे हात कायम गरम, त्यांना सगळं जग गारच लागणार. मी स्वतः कपाळाला हात लावून पाहायची. आपल्याला आपला ताप कधी कळतो का?

संक्रांत जवळ येत होती आणि बारा दिवसांपुढचा कागद कोरा होता.

लाल

पौषातली दुपार. ऊन छपरीत शिरलं होतं. चिमण्या नेहमीसारख्या झालरीवर भांडत होत्या, मी अर्धवट डोळे मिटून मोजत होते, आणि त्यांच्यात एकीचं डोकं लाल. नुसतं डोकं नाही, गळा, छातीसुद्धा. कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढावं तसं लाल. मी डोळे चोळले. लाल हललं, दोन लोंब्यांच्या मागे गेलं आणि दिसेनासं झालं.

मला दवाखान्यातली भिंत आठवली. वेळही तीच, दिवस कलण्याची. मी मनाशी म्हटलं, ताप परत आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच वेळी, त्याच जागी. इतर चिमण्या करड्या, भुरकट, आणि त्यांच्यात ते एक लाल. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. हे शेतावरून आले, कसं वाटते म्हणून विचारलं, मी म्हटलं, बेस. आत्याबाईंचा हात कपाळावर आला तेव्हा श्वास रोखून पडून राहिले, जसा काही श्वास रोखल्यानं ताप लपतो.

मी सांगितलं नाही. हे तुम्हाला कबूल करते, कारण तुमच्या नवऱ्यानंही उद्या असं काही लपवलं तर त्याच्यावर चिडू नका, नुसतं विचारा. सांगितलं असतं तर यांनी मला बंडीत घालून गोंदियाला नेलं असतं, तिथून डोंगरात. दीड वर्षानं मी परत आले असते तर कमळीनं मला ओळखलं असतं का? आताच ती माझ्याकडे पाहुणीकडे पाहावं तशी पाहत होती. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की समोर पाहायचंच नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि दुपारभर तशीच राहिले. हे त्याच दिवशी सकाळी थर्मामीटर आला का पाहायला गोंदियाला गेले होते. तो येऊच नये, असं मला वाटत होतं.

कमळी

पाठीमागे पावलं वाजली. कितीतरी दिवसांनी कमळी सांदवाडीत आली होती. मी तोंड वळवलं नाही. ती रेघेपाशी थांबली असणार, कारण पावलं थांबली. मग ती हळूच म्हणाली,

"आई, त्या चिमणीचं डोकं लाल हाये."

मी इतक्या झटक्यात वळले की कुशीत चमक निघाली. कमळी रेघेवर अंगठे टेकवून उभी होती आणि मान वर करून झालरीकडे पाहत होती. तिच्या बोटाच्या दिशेनं मी पाहिलं. होतं. लाल डोकं, लाल छाती, जाड आखूड चोच, आणि त्या चोचीत धानाचा दाणा. दाणा फिरवून फिरवून फोल खाली टाकत होतं. ते फोल हवेत तरंगत रेघेवर पडलं, तेही मी पाहिलं.

मागोमाग जाऊबाई आल्या. त्यांनी "लाल" एवढंच ऐकलं आणि त्यांचा पारा चढला. त्याला कारण होतं. पावसाळ्यात आढ्यातून चिमणीचं पिल्लू पडलं होतं, तेव्हा कमळीनं त्याला पाटावर बसवून हळदीकुंकू केलं होतं, आणि त्यापायी जाऊबाईंचा भरला करंडा चुलीपाशी सांडला होता. ते पिल्लू लाल-पिवळं होऊन उडून गेलं आणि गावभर हसू झालं.

"पुन्हा माह्या करंड्याले हात लावला का वं तू?" जाऊबाईंनी कमळीचा दंड धरला.

कमळी नाही नाही म्हणत होती. पाखरू भुर्र उडून गेलं होतं, दाखवायला काही उरलं नव्हतं. आवाज ऐकून आत्याबाई चुना कालवलेली वाटी घेऊन बाहेर आल्या. रेघ कुठं कुठं पुसट झाली होती. कमळीनं जाऊबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. पोळ्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काहीतरी मागण्यासाठी पाहिलं.

आता बोलले तर सगळं उघडं पडणार होतं. मोठ्यानं बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मोठ्यानंच बोलले.

"सोडा तिले. तिनं नाई लावला हात. मीबी पाह्यली थे चिमणी, तीन दिवसांपासून पाहून राहिली."

मग आत्याबाईंनी वाटी खाली ठेवली.

"तीन दिवसांपासून? मंग बोलली काऊन नाई?"

"मले वाटलं ताप चढला," मी म्हटलं, आणि मला हुंदका आवरेना. भिंतीवरचं लाल, डोंगरातलं दीड वर्ष, कोरा कागद, सगळं तोंडातून बाहेर पडलं. खोकला येईल म्हणून थांबत थांबत बोलले, पण सगळं बोलले. जाऊबाईंचा हात कमळीच्या दंडावरून कधी सुटला, त्यांनाही कळलं नसेल.

आत्याबाई रेघ ओलांडून आल्या आणि माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या. जाऊबाई खांबाला टेकल्या. कमळी रेघेवर उकिडवी बसली. आम्ही चौघीजणी झालरीकडे पाहत राहिलो, कामं तशीच टाकून. चुलीवर भात लागल्याचा वास आला तरी एकही उठली नाही. आधी दोन चिमण्या आल्या, मग पाच-सहा, आणि मग ते आलं. सगळ्यात वरच्या वेणीवर बसलं आणि उन्हात त्याची छाती अशी पेटली की जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला.

आत्याबाई कितीतरी वेळ निरखत होत्या. मग मान न हलवता, ओठातल्या ओठात म्हणाल्या,

"तुह्या तापाले तं चोच हाये वो बाई."

मला हसू फुटलं. तोंड दाबून धरलं तरी खाट हलायला लागली. जाऊबाई हसल्या. आणि कमळीनं मागे वळून, डोळे वटारून, डॉक्टरांच्या वरताण आवाजात मला दटावलं, "आई, हालू नोको, उडून जाईल थे." इतके महिने सगळ्यांनी मला तेच सांगितलं होतं. त्या दिवशी मी ते आनंदानं ऐकलं.

तूती

दिवे लागायच्या आत हे परत आले. थर्मामीटर मिळाला होता. आत्याबाईंनी तो स्वतःच्या हातानं धुतला, विहिरीच्या गार पाण्यात, आणि गार पाणीच आहे हे दोनदा बोट बुडवून पाहिलं. यांनी तो मला लावला, काढला, उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. पाऱ्याची रेघ यांना पहिल्या झटक्यात कधी सापडत नाही. मला वाटलं, आता जीव जातो.

"काई नाई," हे म्हणाले. "साफ हाये."

मग आमच्या घरात एकच गोंधळ झाला, चौघी एकदम यांना पाखराचं सांगायला लागलो. यांनी आधी आम्हा सगळ्यांनाच ताप आहे की काय असं पाहिलं. दुसऱ्या दुपारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा पटलं. पुढच्या खेपेला गोंदियाच्या बाजारात पाखरं विकणाऱ्याला खुणा सांगून विचारून आले. तो म्हणाला, ये तो तूती है, पहाडों से आती है, ठंड में. पण तुमच्या परसात उतरली म्हणजे नवल आहे, असंही तो म्हणाला. आत्याबाईंनी साठ पावसाळे त्याच तलावाच्या पाळेवर काढले, त्यांनीही कधी पाहिली नव्हती. गावातल्या बायका पाहायला यायला लागल्या. दुखणाईताच्या घरी कोणी येत नव्हतं, आता येऊन लांब उभ्या राहायच्या, आणि जाताना मला कसं आहे म्हणून विचारायच्या. पाखराच्या निमित्तानं का होईना, विचारलं तर खरं.

तूतीसोबत पुढे दोन मळकट, छातीवर रेघा असलेल्या माद्याही दिसल्या. झालर विरळ व्हायला लागली. एके सकाळी पाहते तर जाऊबाई बियाण्यासाठी राखलेल्या जुडीतल्या लोंब्या घेऊन माझ्या उशाशी उभ्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या की तुझ्यासारखी वेणी मला येत नाही, तू घाल, मी टांगते. मी वेणी घालत गेले आणि त्या लोंब्या निवडून देत गेल्या. कमळीला तुम्ही सांभाळलं नसतं तर मी वेडी झाले असते, असं मी त्यांना त्या दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, मी वेडी झाले असते ते वेगळंच. आम्ही दोघींनी त्यावर पुन्हा बोलणं काढलं नाही.

आणि कमळी रोज येऊ लागली. रेघेच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी, वर तूती. ती बोटांवर चिमण्या मोजायची, दहाच्या पुढे तिला येत नव्हतं, तिथून पुढे मी सांगायची. संक्रांतीपर्यंत ती तीसपर्यंत शिकली.

संक्रांतीनंतर

संक्रांत झाली आणि आम्ही गोंदियाला गेलो. शेजारच्या खाटेवरची ती म्हातारी कुठं गेली ते कोणाला माहीत नव्हतं. ती आपल्या गावी दाराशी झालर विणत बसली असेल, असं मी मानून घेतलं आहे. डॉक्टरांनी यांचा कागद वाचला, पाठीवर दोन बोटं वाजवली. उजवीकडेही ढोलकं. आता हळूहळू उठा-बसा, म्हणाले. मी विचारायच्या आत यांनीच विचारलं, पोरगीचं काय? डॉक्टर हसले आणि म्हणाले, "अब गोद में ले लो."

घरी आलो तेव्हा सांदवाडी नुकती सारवली होती. ओलं होतं. मी खाटेवर बसले आणि आत्याबाईंच्या चुन्याच्या वाटीची वाट पाहायला लागले, सवयीनं. आंगण वाळलं. आत्याबाई बाहेर आल्या, हातात वाटी नव्हती. सूप घेऊन दाराशी बसल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या.

कमळी धावत आली आणि थांबली. बरोब्बर त्याच जागी, अंगठे एका रेषेत. खाली काही नव्हतं, सगळीकडे सारखं हिरवट शेण. तिनं खाली पाहिलं, मग आजीकडे पाहिलं.

"जाय," आत्याबाई म्हणाल्या, सुपातून मान वर न काढता.

ती एक पाऊल टाकून पुन्हा थांबली. मग दुसरं टाकलं. मी हात पुढे केले नाहीत. पाखरू उडून जाईल, असं वाटत होतं. ती खाटेपाशी आली, टाचा उंचावल्या आणि आधी माझ्या कपाळावर हात ठेवला, आजीसारखा, उलटा. थोडा वेळ तसाच ठेवला.

"ताप नाई," ती आजीला ओरडून म्हणाली, आणि मग माझ्या मांडीवर चढून बसली.